‘ड्यू डिलिजन्स’ला मराठीत काय म्हणावं?

बोरूवाली: साखर विकत घेणाऱ्या एका परदेशी कंपनीची प्रश्नावली मराठीत करतेय. ‘पुरवठा साखळी’, ‘मानवी हक्क’ इथपर्यंत गाडी नीट आली, ‘ड्यू डिलिजन्स’पाशी अडली. ‘यथोचित तत्परता’ सुचतंय, पण तत्परता म्हणजे चटपटीतपणा. इथे घाई अभिप्रेतच नाही. ‘पडताळणी’ चालेल?

मधली आळी: अपुरं पडेल. बँकवाले हा शब्द वापरतात तेव्हा आपले पैसे बुडणार नाहीत ना, ते बघतात. व्यवसाय आणि मानवी हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या मार्गदर्शक तत्त्वांत रोख उलटा आहे: आपल्या धंद्यापायी दुसऱ्याच्या हक्कांवर गदा येते का ते शोधा, ती थांबवा, काय केलंत ते सांगा. फ्रान्सच्या २०१७च्या कायद्यात ‘व्हिजिलान्स’ आहे, म्हणजे दक्षता. जर्मनीत २०२३पासून लागू झालेल्या कायद्यात ‘झॉर्गफाल्ट’. त्यातला ‘झॉर्ग’ म्हणजे काळजी. मला तर ‘निगुती’च आठवली.

बोरूवाली: निगुती लोणच्याला शोभते हो, कंपनीला कशी लावू! ‘निगराणी’?

गेवराईकर: निगराणी नको. ती ऊसतोड मजुरांची टोळी आणणारा मुकादमपण करतोच. आणि ताई, प्रश्नावलीत ‘कामगारसंख्या’ असा रकाना असेल तर आधी तो बघा. आमच्याकडं टोळी माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. मुकादम ‘वीस कोयते’ म्हणाला की कागदावर वीस पडतात, फडात माणसं चाळीस. वीस बाया गेल्या कुठं? उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, तीही जोडीची, पैसे बहुतेक नवऱ्याच्या हाती. बाई आजारी पडली की खाडा, त्याचा दंड कापणार. २०१९ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं समिती नेमली, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली होती.

बोरूवाली: रकाना आहे, आणि एकच आहे! ‘उचल’साठी मी सरळ ‘आगाऊ वेतन’ लिहिलं होतं.

गेवराईकर: वेतन कसलं, ते कर्ज आहे. तोडणीतून फिटलं नाही तर पुढच्या हंगामाला परत त्याच मुकादमाकडं. उचलला उचलच म्हणा.

बोरूवाली: बदललं. ‘कामगारसंख्या’ फोडून स्त्रिया आणि पुरुष असे वेगळे रकाने करा, असं कंपनीला कळवलंय. डिलिजन्सचं तूर्त ‘हक्क-दक्षता’ केलंय. निगुती मात्र डोक्यातून जात नाहीये.