हल्लीच्या सिनेमात शांतता का उरली नाही?

अधूनमधून_प्रेक्षक

मी समीक्षक वगैरे अजिबात नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घरच्यांना घेऊन थिएटरला जाते, बाकीचं ओटीटीवर. पण पुष्पा २, छावा, सैयारा, धुरंधर असे गेल्या वर्ष-दोन वर्षांतले गाजलेले पिक्चर बघितल्यापासून एक गोष्ट सारखी डोक्यात घोळतेय. पार्श्वसंगीत थांबतच नाही. माणूस दारातून आत आला की ढोल, त्यानं मान वळवली की ढोल, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं रे आलं की व्हायोलिन सुरू, म्हणजे आता रडायचंय हे आधी कानाला सांगणार आणि मग डोळ्यांना दाखवणार. अहो, आम्हाला कळतं. आम्ही लहान नाही.

छावाला आई माझ्या शेजारी बसली होती. तिला ऐकायला कमी येत नाही, उलट मी आतल्या खोलीत फोनवर हळू बोलत असले तरी तिला सगळं ऐकू जातं. आणि तीच आई दर पाच मिनिटांनी माझा हात दाबून विचारायची, "काय म्हणाला गं तो?" मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य गेलेलं. पिक्चर तिला आवडला, बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण घरी आल्यावर अर्धा तास मी तिला कोण काय बोललं ते सांगत बसले.

आता २०१६ चा सैराट आठवा. अजय-अतुलनी त्याचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं होतं, म्हणजे पैसा आणि हौस दोन्ही संगीतावर ओतलेली. आणि शेवट काय? तो लहानगा दारातून आत जातो, बघतो, बाहेर येतो, आणि फरशीवर रक्ताची इवलीशी पावलं उमटत जातात. संगीत नाही. त्याचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही. तिथं एक सूर जरी लावला असता ना, तर आम्ही रडून मोकळे झालो असतो. लावला नाही म्हणून दहा वर्षं होत आली तरी ती पावलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मला एवढंच म्हणायचंय की प्रेक्षकावर थोडा विश्वास टाका. काय वाटतं तुम्हाला?

पहिला_शो

पूर्ण असहमत, आणि उदाहरण तुम्हीच दिलंय तर तेच घेतो. त्याच सैराटमध्ये झिंगाट आहे, लोक सीटवरून उठून पडद्यापुढं जाऊन नाचलेत. आधी अडीच तास ऑर्केस्ट्रानं आपल्याला उचलून धरलं म्हणून शेवटी तो आवाज काढून घेतल्यावर आपण दाणकन आपटलो. पूर्ण पिक्चर मुका असता तर शेवटाला कुणाला काही वेगळं वाटलं असतं का? ओपेनहायमरचंही तेच आहे, तीन तासांचा पिक्चर, जवळजवळ सगळीकडे संगीत, आणि अणुस्फोटाच्या वेळी फक्त श्वास ऐकू येतो, धमाका नंतर येतो. भरलेल्या ताटामुळंच रिकामं ताट दिसतं.

आणि दुसरं म्हणजे काही पिक्चर हे आवाजाचेच असतात. २०२२ च्या कांतारातला शेवट, रिषभ शेट्टीच्या अंगात येतं आणि तो जी आरोळी देतो, तेव्हा माझ्या पाठीचा कणा थरारला होता. पुष्पा २ मधली जत्रा घ्या, अल्लू अर्जुन साडी नेसून, निळा रंग फासून नाचतो, तिथं तुम्हाला शांतता हवी म्हणजे काय हवंय नक्की? घरी मोबाईलवर शांतता भरपूर मिळते. थिएटरला मी अंग हादरवून घ्यायलाच जातो.

खिडकीजवळची_सीट

आईंबद्दल वाचून अगदी आमच्या घरातलंच वाटलं. आम्ही तर आता घरी मराठी पिक्चरसुद्धा सबटायटल लावून बघतो. मातृभाषेचे संवाद वाचावे लागतात याचं फार वाईट वाटतं.

मिक्सिंग_टेबल

मी आवाजाच्याच कामात आहे म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण धाग्यात त्या एकत्र झाल्यात. संगीत जास्त असणं हा एक प्रश्न आणि संवाद ऐकू न येणं हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी सांगतो. मिक्सिंगच्या खोलीत, म्हणजे जिथं संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवतात तिथं, आवाजाची पातळी ठरलेली असते, पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबल, आणि थिएटरच्या प्रोसेसरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, ७ हा आकडा म्हणजे तीच पातळी. म्हणजे आम्ही जे ऐकून पास करतो ते तुम्हाला ७ वर ऐकू यायला हवं. पण फार मोठा आवाज आहे म्हणून प्रेक्षकांची तक्रार गेली की तिथला माणूस ७ चा ५ करतो. त्यानं स्फोट सुसह्य होतात पण संवादही त्याच मापानं खाली जातो, कारण बटण सगळ्यांना एकच. मग पुढच्या पिक्चरला दिग्दर्शक आम्हाला सांगतो की थिएटरवाले आवाज कमी करतातच, तू आधीच चढवून दे. आम्ही चढवतो. ते अजून कमी करतात. हे चक्र मी डोळ्यांनी बघतोय आणि ते थांबवावं असं मनापासून वाटतं. अमेरिकेत ट्रेलरच्या आवाजाला कमाल मर्यादा ठरवून दिलीय, मुख्य पिक्चरला तशी नाही. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी मोजमापच संवादाच्या पातळीवरून होतं, तिथं आम्हाला बेफाम जाता येत नाही.

संगीत जास्त का, तर त्याचं एक कारण एडिटिंगच्या खोलीत आहे. कच्चा कट निर्मात्याला दाखवताना तो कोरडा वाटू नये म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरचं संगीत तात्पुरतं लावतात. सगळ्यांनी दोन-तीन महिने ते ऐकलं की कानाला सवय लागते, आणि मग तिथून संगीत काढायचं म्हटलं तर प्रसंग उघडा पडल्यासारखा वाटतो. काढायला कुणी धजत नाही. तेवढ्या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूनं.

शोलेच्या_पिढीतला

१९७५ चा शोले काय कमी गाजला? मारामारी, गोळीबार, गाणी सगळं होतं. पण ठाकूरचं कुटुंब मारलं जातं त्यानंतर तो झोपाळा हलत राहतो आणि त्याची करकर ऐकू येत राहते, तेवढीच. आणि राधा रात्री एकेक दिवा मालवत जाते, लांबून जयचा माउथऑर्गन. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत तरी आम्हाला सगळं कळत होतं. साडेतीन तासांच्या आसपासचा मसालापट होता तो, कलात्मक वगैरे नव्हे. त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता. तो आज का टाकत नाहीत, हा प्रश्न मलाही पडतो.

पहिला_शो

काका, आदर आहे, पण १९७५ सालचा शोले एकच आठवतोय ना आपल्याला? त्या काळातले ढणाढणा वाजणारे कितीतरी पिक्चर आले आणि विसरले गेले, त्यांच्याशी कोण तुलना करणार. आजच्यातलेही जे टिकायचे ते टिकतील. छावाचंच बघा, गोंगाट होता हे मान्य, पण त्यात अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज न चढवता बोलतो आणि तरी त्याची भीती वाटते. आणि शेवटी साखळदंडात जखडलेले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना कविता ऐकवतात, तो प्रसंग माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला आठवतोय. म्हणजे शांत जागा आहेत, तुम्ही ढोल मोजत बसलात म्हणून त्या निसटल्या.

रातकिडा

सैयाराचं नाव निघालंय म्हणून लिहितेय, एरवी मी नुसतं वाचते.

तो पिक्चर मी मैत्रिणीबरोबर बघितला. त्यातल्या मुलीला ऐन तारुण्यात अल्झायमर होतो आणि माणसं हळूहळू पुसली जायला लागतात. माझ्या आजोबांना तोच आजार होता. शेवटची दोन वर्षं ते मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे आणि मी ओ द्यायचे. घरात त्याबद्दल कुणी कधी रडलं नाही, सगळे कामात. त्या अंधारात गाणं चढत गेलं आणि मी हमसून हमसून रडले, आणि ते इतकं मोठ्यानं वाजत होतं म्हणूनच रडता आलं, कारण माझा आवाज कुणाला ऐकू गेला नसता. शांतता असती तर मी दात दाबून बसले असते. काही जणांना संगीताचा आडोसा लागतो. आम्हाला पिक्चर लहान समजतो असं मला तरी त्या दिवशी वाटलं नाही.

अधूनमधून_प्रेक्षक

रातकिडा, तुमचं वाचून मी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही. या बाजूनं मी विचारच केला नव्हता. तुमच्यासाठी ते संगीत होतं तसंच असायला हवं होतं, हे मी मानते.

पहिला_शो, कविता ऐकवण्याचा प्रसंग माझ्याही लक्षात आहे आणि तो चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण तुमचं म्हणणं की भरलेल्या ताटामुळं रिकामं ताट दिसतं, ते खरं असेल तर ताट कधीतरी रिकामं करायला हवं ना. सैराटनं केलं, ओपेनहायमरनं केलं. माझी तक्रार न करणाऱ्यांबद्दल आहे.

आणि आवाज न चढवताही पिक्चर लोकांपर्यंत पोचतो. २०२४ चा किरण रावचा लापता लेडीज घ्या, दोन तासांचा. त्यातली फूल नावाची नवी नवरी रेल्वे स्टेशनवर एकटी पडलेली, सासरच्या गावाचं नाव आठवत नाही, एवढंच आठवतं की ते कुठल्यातरी फुलावरून आहे. आता या जागी संगीतानं आपल्याला घाबरवायचं ठरवलं असतं तर किती सोपं होतं. पण लक्षात राहतो तो तिचा चेहरा, आणि मग छाया कदमची ती स्टेशनवरची टपरीवाली मंजू माई, जी तिला गोंजारत नाही, सरळ कामाला लावते. माझ्या आईनं तो पूर्ण पिक्चर एकदाही काही न विचारता बघितला.

पहिला_शो

लापता लेडीज मलाही आवडतो. पण तो थिएटरला आला तेव्हा माझ्या ग्रुपमधलं एकही जण गेलं नव्हतं, सगळ्यांनी नंतर ओटीटीवर बघितला. पुष्पा २ च्या जत्रेसाठी मात्र सगळे एकाच दिवशी गेलो. निर्मातेही हेच बघतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

शोलेच्या_पिढीतला

मग चूक आपली. आपण जातो म्हणून ते वाजवतात.

मिक्सिंग_टेबल

वाद चालू राहू दे, पण आईंसाठी एक कामाची गोष्ट. आम्ही मिक्स करताना साधारण पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, अगदी मध्यभागी बसतो. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. कडेला बसलं की बाजूच्या भिंतीवरचे स्पीकर कानाजवळ येतात आणि ते संवादावर चढतात. तिकीट काढताना मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेतली मधली सीट घ्या.

अधूनमधून_प्रेक्षक

आम्ही छावाला अगदी डाव्या कडेला, भिंतीला टेकून बसलो होतो! पुढच्या वेळी तिला मध्ये बसवते आणि "काय म्हणाला" किती वेळा विचारते ते इथं येऊन सांगते.