हॅमर कोरलची एक बाजू सोलली गेली – शेजारच्या टॉर्च कोरलनेच केलं का?

शिंपला_४० (न्यू जर्सी)
खाऱ्या पाण्याची, कोरलची (प्रवाळांची) टाकी, ४० गॅलन ब्रीडर, ९१ × ४६ सेंमी, चौदा महिने जुनी. तापमान २५.५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) ८.५ डीकेएच, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०६. वेव्हमेकर (प्रवाह तयार करणारा पंप) उजव्या काचेवर. मधल्या रॉकवर पाच तोंडांचा (पॉलिपांचा) फांद्यांचा हॅमर, त्याच्यामागे फ्रॉगस्पॉन. डावीकडे १२ सेंमीवर टॉर्च, डाव्या कोपऱ्यात टोडस्टूल लेदर हे मऊ कोरल. उजवीकडे २० सेंमीवर एक हिरवट-तपकिरी फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा), दुकानात नुसतं 'स्टार' म्हणून दिलेला. आठवड्याभरात हॅमरच्या दोन तोंडांचं मांस सोलून पांढरा सांगाडा दिसायला लागलाय. दिवसा तर कुणी कुणाला शिवतही नाही. टॉर्च हलवू का? आणि कुठे?

बोंबील
टॉर्चच असणार. १२ सेंमी म्हणजे काहीच नाही. टॉर्चच्या शेजारी फक्त टॉर्च. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना खेटून चालतात. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या दोघांना युफिलिया या गटातून काढून फिंब्रियाफिलिया या गटात टाकलं, टॉर्च मात्र युफिलियातच राहिला. दुकानदार तिघांना एकाच कुटुंबातले म्हणून शेजारी ठेवतात, म्हणून घोळ होतो. ओळख टोकावरून: टॉर्चला काडीच्या गुलासारखं एकच गोल टोक, हॅमरचं टोक हातोडीसारखं आडवं, फ्रॉगस्पॉनच्या एकेका दांडीला फांद्या फुटून साबुदाण्यासारखे मणी.

कालव
ओळख बरोबर, पण निकालाची घाई नको. जखम कुठल्या अंगाला आहे? आणि त्या 'स्टार'चे पॉलिप मिटले की खाली काय दिसतं?

शिंपला_४०
उजवीकडची दोन तोंडं, तीही उजव्या अंगानेच. डावीकडची तीन मस्त फुगलेली आहेत. 'स्टार' मिटला की छोट्या छोट्या नळ्या दिसतात, प्रत्येकीच्या तोंडाशी उभी धारदार पाती, चक्रीफुलासारखी. उघडल्यावर स्पर्शिकांची टोकं पांढरी.

कालव
मग तो गॅलेक्सिया कोरल आहे, आणि टॉर्च या वेळी निर्दोष. दिवसा गॅलेक्सियाच्या स्पर्शिका जेमतेम सेंटिमीटरभर असतात, म्हणून गरीब वाटतो. रात्री स्वीपर (डंख मारणाऱ्या लांब स्पर्शिका) काढतो: पारदर्शक, धाग्यासारखे बारीक, टोकाला पांढरा ठिपका. ते ३० सेंमीपर्यंत जाऊ शकतात. तुमचा फ्रॅग प्रवाहाच्या वरच्या बाजूला बसलाय, म्हणजे वेव्हमेकर त्याचे धागे आयते हॅमरवर नेऊन सोडतो. स्वीपर शेजारी आल्यावर काही आठवड्यांत वाढतात, त्यामुळे 'महिनाभर काही झालं नाही' याला अर्थ नाही.

खात्री करून घ्या. लाइट बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीवर लाल कागद लावून बघा, पांढरा उजेड पडला की धागे आत जातात. आणि एक फरक लक्षात ठेवा: डंखाची जखम शेजाऱ्याच्या बाजूनेच असते. मांस खालून, चहूबाजूंनी वर सरकत गेलं तर अल्कलिनिटीचे चढउतार आधी तपासायचे.

खरं सांगायचं तर ९१ सेंमीत गॅलेक्सिया ही चैन आहे, मी तो परत द्या म्हणेन. ठेवायचाच असेल तर डाव्या काचेपासून मोजा: ८ सेंमीवर गॅलेक्सिया, ४० वर टॉर्च, ६२ वर हॅमर आणि मागे फ्रॉगस्पॉन. टोडस्टूल उजवीकडे मागे, थेट झोतात नको. आकडे बुंध्याचे आहेत. पूर्ण फुगल्यावर टॉर्चची टोकं आणि हॅमर यांच्यात निदान १० सेंमी मोकळे राहिले पाहिजेत. तोंडं वाढली की पुन्हा मोजायचं. गॅलेक्सिया मुख्य रॉकवर चिकटवूच नका. तो रॉकवर पसरत जातो, मग काढताना छिन्नी लागते. वाळूवर सुट्टा दगड ठेवा.

हलवताना पंप बंद, हातमोजे, आणि कोरलवर हाताने पाणी हलवून आधी त्याला मिटू द्या. फुगलेला उचलला तर मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर फाटतं. टॉर्च दोन-तीन आठवडे नुसता टेकवून ठेवा, रात्री तपासत राहा, मगच चिकटवा: जेल ग्लू, त्यावर एपॉक्सीची गोळी, पुन्हा ग्लू. एपॉक्सीमुळे स्किमर (फेस काढून पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र) उतू जातो. दिवसभर त्याचा कप काढून ठेवा.

निवटी
जखमी तोंडांकडे दुर्लक्ष करू नका. त्यावर तपकिरी, शेंबडासारखा, घाण वासाचा थर आला तर तो ब्राउन जेली हा रोग. पंप बंद करून बारीक नळीने आधी तो ओढून घ्या, म्हणजे टाकीभर उडणार नाही. फांदीचा हॅमर आहे हे नशीब: कोरल बाहेर काढून मांसाच्या रेषेखाली कापा, राहिलेल्याला आयोडीनचा डिप द्या, म्हणजे आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा. भिंतीसारखा सलग हॅमर असता तर रोग अख्ख्यात पसरला असता.

टोडस्टूल न शिवताही भांडतो, पाण्यात टर्पीन नावाची त्रासदायक रसायनं सोडतो. ती शोषायला दीडशे लिटरला शंभर-दीडशे मिली कार्बन (पाणी शुद्ध करायचा कोळसा), आरओच्या पाण्याने काळं निघायचं थांबेपर्यंत धुऊन, तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. आजवर कधी वापरला नसेल तर निम्म्याने सुरुवात करा. पिवळट पाणी एकदम स्वच्छ झालं की उजेड जास्त आत जातो आणि कोरल फिके पडतात.

मुळा_मुठा
पुण्यात हेच तिघं ठेवायचे असतील तर?

निवटी
नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं आहेत. टॉर्च, हॅमर, गॅलेक्सिया सगळे त्यात आले. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही त्यातच.

शिंपला_४०
रात्री साडेअकराला लाल उजेडात पाहिलं. गॅलेक्सियातून चार धागे निघालेत. सगळ्यात लांब काचेवर पट्टी धरून मोजला: २३ सेंमी, टोक हॅमरच्या सोललेल्या तोंडावर.

कालव
मग सकाळची वाट नको. आत्ताच पंप बंद करा, धागे आत जाऊ द्या आणि गॅलेक्सियाला डाव्या टोकाला न्या.