घरट्याविना कड्यावर अंडे घालणारा गिलेमॉट

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा): शाळेमागच्या वावरात टिटवीची चार ठिपकेदार अंडी उघड्या ढेकळांत पाहिल्यावर मुलांनी विचारले की, उत्तर अटलांटिकच्या कड्यांवरचा गिलेमॉट हा समुद्रपक्षीही घरटे बांधत नाही, तर त्याचे अंडे समुद्रात पडत कसे नाही?

उत्तर १: काही अंडी पडतातच. मादी एकच अंडे घालते आणि नर-मादी ते आळीपाळीने, सुमारे ३२ दिवस, पायांवर धरून उबवतात. एका टोकाला निमुळते असल्यामुळे ते उतारावर स्थिर राहते, हे स्पष्टीकरण मला ‘ते जागीच गोल फिरते’ या जुन्या समजुतीपेक्षा अधिक पटते.

उत्तर २: मुलांना रंगांविषयीही अवश्य सांगा. कुणाचे अंडे निळसर-हिरवे, कुणाचे पांढरट, त्यावर शाईने गिरगटल्यासारख्या रेषा. दाटीवाटीत जोडप्याला आपले अंडे त्यावरूनच ओळखू येते.

शिक्षिका: आभारी आहे. पिल्लू खाली कसे उतरते?

उत्तर १: जेमतेम तीन आठवड्यांचे, उडता न येणारे पिल्लू संध्याकाळी बापाच्या हाकेसरशी कड्यावरून उडी घेते, आणि पुढे कित्येक आठवडे बापच त्याला समुद्रात मासे भरवतो.