अर्जंट: वाईनमध्ये सॉफ्टवेअर उघडतं पण कामच करत नाही

वैतागराव
विंडोज काढून लिनक्स टाकलं, बाकी सगळं मस्त चालू आहे, फक्त एक जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर आहे ते वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं साधन) इन्स्टॉल झालं, उघडतंय पण, मेन्यू वगैरे सगळे दिसतात, पण काम करत नाही. विंडोजवर व्यवस्थित चालायचं. वाईन काढून परत टाकून झालं. उद्या सकाळी लागणार आहे. आणि "विंडोजच टाका" सांगायला कोणी येऊ नका प्लीज.

शेंगदाणा
विंडोजच टाका 😀

टर्मिनलमामा
काम करत नाही म्हणजे नक्की काय होतं? एरर काय? कुठलं लिनक्स, वाईनचं व्हर्जन कुठलं, सॉफ्टवेअर कशाचं? टर्मिनलमधून चालवा आणि जे छापून येईल ते इथे टाका.

निळी_शाई
डॉट नेटचा (बऱ्याच विंडोज प्रोग्रॅमना लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) लोचा असणार. नवीन प्रीफिक्स (वाईनचं वेगळं फोल्डर) बनवून त्यात वाईनट्रिक्सने (असे भाग टाकून देणारी स्क्रिप्ट) डॉट नेट ४.८ टाका. माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर असंच अडलं होतं.

टर्मिनलमामा
अहो एरर तरी कळू दे. डॉट नेट नसतं तर बहुतेक खिडकीच उघडली नसती.

निळी_शाई
असं काही नसतं. माझी उघडायची आणि रिपोर्ट काढताना मरायची.

वैतागराव
लिनक्स मिंट आहे. डॉट नेट टाकलं, कितीतरी वेळ गेला, फरक शून्य. "पोर्ट ओपन होत नाही" एवढंच येतं.

टर्मिनलमामा
पोर्ट?? कॉम्प्युटरला काही जोडलंय का?

वैतागराव
हो मग, वजनकाटा. त्याचंच तर सॉफ्टवेअर आहे, काट्यावरचं वजन स्क्रीनवर येतं. यूएसबीची वायर आहे. सीडीवरचा ड्रायव्हरपण टाकलाय वाईनमध्ये.

कट्टर_कर्नल
वाईनमध्ये हार्डवेअरचा ड्रायव्हर टाकून काही होत नाही. वाईन एमुलेटर (अख्ख्या मशीनची नक्कल) नाहीये, प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सला कळेल असं करून देतं, बस. यूएसबी-सिरीयल वायरीचे (जुन्या सिरीयल पोर्टची यंत्रं यूएसबीला जोडणाऱ्या) ड्रायव्हर बहुतेक लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आधीपासून असतात.

दोन_मॉनिटर
म्हणूनच म्हणतो व्हर्च्युअलबॉक्स घ्या, आत खरं विंडोज, खरा ड्रायव्हर, डोक्याला ताप नाही.

कट्टर_कर्नल
एका वजनकाट्यासाठी अख्खं विंडोज? वर लायसन्स, वर रॅम. आणि यूएसबी आत द्यायला युजरला व्हर्च्युअलबॉक्सच्या परवानगीच्या ग्रुपात टाकावं लागतंच, तोही तापच की.

जीपीयू_गरम
प्रोटॉन (गेमसाठीचं वाईन) वापरून बघा, माझे सगळे गेम पळतात.

टर्मिनलमामा
गेम नाहीये हो, काटा आहे.
वैतागराव, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट निवडायची यादी कुठपर्यंत जाते? आणि होममधल्या लपवलेल्या वाईनच्या फोल्डरात डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर आहे, त्यात तुमची वायर कुठल्या नंबरला दिसते?

वैतागराव
यादी कॉम ८ पर्यंत. आणि टीटीवाययूएसबी० समोर कॉम ३३ लिहिलंय.

टर्मिनलमामा
मग तेच. कॉम म्हणजे विंडोजमधलं सिरीयल पोर्टचं नाव, टीटीवाययूएसबी० म्हणजे लिनक्समधलं तुमच्या वायरीचं. मिंट ३२ सिरीयल पोर्ट आहेतच असं दाखवतं, मशीनवर नसले तरी. वाईन आधी त्यांना नंबर वाटतं, म्हणून तुमची वायर ३३ वर गेली. व्हीबी ६ च्या (जुनं व्हिज्युअल बेसिक) काळातले बरेच प्रोग्रॅम १६ च्या वर बघतही नाहीत, तुमचा तर ८ लाच थांबतो.
वाईनचा रेगएडिट (सेटिंगच्या नोंदी बदलायचा प्रोग्रॅम) उघडा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, वाईन असं आत जा. पोर्ट्स नावाची की (फोल्डरसारखी नोंद) नसेल तर बनवा, त्यात स्ट्रिंग व्हॅल्यू टाका. नाव कॉम १, मोठ्या अक्षरात आणि मध्ये जागा न सोडता, आणि समोर वायरीचा पूर्ण पाथ, डेव्हपासून (लिनक्स जोडलेली यंत्रं दाखवतं ते फोल्डर). मग वाईनसर्व्हर (वाईनचा मागे चालणारा भाग) बंद करून परत चालू. आणि युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेले) आहे का बघा, नसेल तर टाकून लॉगआउट करून परत लॉगिन करा.

निळी_शाई
मी तरी आधी नवीन प्रीफिक्स केला असता.

वैतागराव
डायलआउटमध्ये नव्हतो. आता कॉम १ निवडला आणि वजन आलं!!! मामा जिंदाबाद. पण वायर काढून परत लावली की परत तोच एरर.

टर्मिनलमामा
प्रोग्रॅमने पोर्ट धरून ठेवलेला असताना वायर काढली की परत लावल्यावर तीच टीटीवाययूएसबी१ होते. आधी प्रोग्रॅम बंद करत जा. नाहीतर डेव्हच्या आत सिरीयल, त्यात बाय-आयडी फोल्डर आहे, तिथलं वायरीचं लांबलचक नाव रेगएडिटमध्ये द्या, ते बदलत नाही.