वऱ्हाडी विनोदी भाग: गोष्ट बरी आहे, पण हशा येत नाही

धुऱ्यावरचा:
हिंगणघाटकडच्या आमच्या गावात मंडळाची पोरं २० मिनिटांचा विनोदी भाग बसवत आहेत. आधी गणपतीत स्टेजवर, मग मोबाइलवर शूटिंग. गोष्ट अशी: किसन शेजारच्या गजुभाऊचा फवारणीचा पंप मागून नेतो, धुऱ्यावर (बांधावर) ठेवतो, आणि पंप गायब. मग थापांवर थापा. शेवटी कळतं की गजुभाऊच्याच बायकोनं, शोभावहिनीनं, किसनची जिरवायला पंप उचलून आपल्या कुटाराच्या (भुशाच्या) खोलीत ठेवला होता. पात्रं ८, प्रसंग ११. पानापानावर कोट्या आहेत, तरी वाचनात कोणी हसत नाही. जुन्या मालिकांचे भाग आजही हसवतात ते नेमकं कशानं? आणि शूटिंगला मागून रेकॉर्ड केलेला हशा लावायचा का?

कापूसकोंड्या:
गुपिताची जागा चुकली आहे. पंप कुटारात आहे हे तुम्ही शेवटी सांगता. त्यावर एकदाच हसू येतं, तेही 'अस्सं होय' एवढंच. तेच दुसऱ्या प्रसंगात उघड दाखवा. शोभावहिनी पंप आत ढकलते, वर पोतं टाकते. आता किसनची प्रत्येक थाप पोकळ आहे हे त्याच्याआधी प्रेक्षकाला ठाऊक. गजुभाऊ दोर शोधायला खोलीत येतो आणि त्याच पोत्यावर बसून किसनला शिव्या घालतो, तिथं एकही कोटी लागणार नाही.

दुसरं, थाप पकडली जाऊ देऊ नका. ती खपली पाहिजे, आणि खपली म्हणूनच पुढचं संकट आलं पाहिजे. 'आय लव्ह ल्यूसी' या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा १९५२ मधला चॉकलेट कारखान्याचा भाग बघा. सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं कागदात गुंडाळायची, एक जरी तसंच पुढे गेलं तर नोकरी गेली. हात पुरत नाहीत म्हणून ल्यूसी आणि तिची मैत्रीण एथेल ती तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबतात. मुकादमीण येऊन बघते तर पट्टा रिकामा. बाया कामाच्या निघाल्या, म्हणून ती पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते! लपवणं जमलं, तेच अंगाशी आलं.

तुमच्याकडे हे असं बसेल. किसन म्हणतो, "पंप हिंगणघाटले टाकला रिपेरिंगले." गजुभाऊला पटतं, म्हणूनच तो म्हणतो, "मी उद्या चाललोच बजाराले, घेऊन येतो. दुकान कोणतं?" आता रातोरात पंप उभा करणं आलं. किसन साळ्याचा पंप न विचारता उचलतो आणि गजुभाऊचा निळा होता म्हणून त्याला निळा रंग फासतो. सकाळी साळा आपला पंप शोधत दारात. शेवटच्या प्रसंगात दोन पंप आणि पाचही माणसं एकाच अंगणात आणा.

पाच म्हणजे किसन, त्याची बायको, गजुभाऊ, शोभावहिनी, साळा. उरलेले तिघं नुसत्या कोट्या करायला आलेले दिसतात, काढा. प्रसंगही चार-पाच पुरे. २० मिनिटांत ११ म्हणजे तवा तापायच्या आत खाली उतरवणं.

झाडीपट्टीवाला:
स्टेजपुरतं सांगतो. मांडवात मागच्या रांगेला चेहऱ्यावरचा विनोद दिसत नाही, वस्तू दिसते. पाठीवरचा १६ लिटरचा पंप लपवायला अवघड, हाच त्याचा फायदा. साळा आला की रंगवलेला पंप बाजेवर गोधडीखाली, नळी बाहेर लोंबती, आणि किसनची बायको म्हणते, "हळू बोला, आजी झोपल्या हायेत." साळा नळीच्या टोकाला वाकून नमस्कार करतो. हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

पंप कोराच घ्या. औषध मारलेला पंप धुतला तरी टाकीत-नळीत अंश राहतो, पोरांच्या हातात तो नको. रंगही ऑइलपेंट नको, पाण्यात कालवलेला पोस्टर कलर घ्या. गजुभाऊनं पाठ फिरवली की त्याच्या सदऱ्यावर निळे पट्टे दिसले पाहिजेत आणि ते त्याला सोडून सगळ्यांना दिसले पाहिजेत.

वाक्याचं म्हणाल तर हसू ज्या शब्दात आहे तो शेवटी. 'तुमचा पंप विहिरीत पडला हाये' यात विहीर मधेच सांडते. 'पंप सुखरूप हाये तुमचा. विहिरीत.' आता पाहा.

हशा अर्धा ओसरला की पुढचं वाक्य टाका. पूर्ण विझू दिला तर मांडव थंड पडतो. चढतानाच बोललं तर वाक्य बुडतं, आणि त्यात दुकानाचं नाव असेल तर पुढचा प्रसंगच कोणाला कळत नाही. गोष्टीची माहिती हशाला चिकटून ठेवू नका.

रिकामी बंडी:
मागून हशा लावू नका. 'आय लव्ह ल्यूसी'त हसणारे लोक खरोखर समोर बसलेले असत आणि तीन कॅमेरे एकाच वेळी चालत, म्हणून नट त्या हशाला जागा देत. नंतर यंत्रातून हशा भरायची पद्धत रुळली. त्यातही 'मॅश' या युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या विनोदी मालिकेत शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा ठेवला नव्हता, कारण तिथं तो खोटा वाटला असता. तुमच्याकडे गणपतीचा प्रयोग आहेच. तो मोबाइलवर रेकॉर्ड करा, लोक कुठं हसले त्यावर संहितेत खुणा करा. शूटिंगमध्ये तिथं वाक्याऐवजी समोरच्याचा चेहरा, सेकंद-दीड सेकंद. जिथं कोणी हसलं नाही ते वाक्य कितीही आवडतं असो, कापा.

कोट्यांचं माझं मत कापूसकोंड्यापेक्षा कडक आहे: किसन आणि गजुभाऊ एकाच सुरात कोट्या करत असतील तर एकही ठेवू नका. मुंबई दूरदर्शनवरचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ एकत्र दिसले की अर्धं काम झालेलं असे, कारण एक बुजरा, दुसरा दणकट. किसन बोलघेवडा ठेवा, गजुभाऊ मोजकं बोलणारा.

धुऱ्यावरचा:
शोभावहिनीला सगळं माहीत आहे, मग ती गप्प का राहील? आणि शेवटी किसननं माफी मागायची ना?

कापूसकोंड्या:
तिला किसनच्या तोंडून कबुली हवी आहे, म्हणून गप्प. हे पंप ढकलताना एका वाक्यात सांगून टाका: "मांगू दे आता त्याले माफी." नंतर दर प्रसंगात किसन कबूल करायच्या बेतात येतो आणि गजुभाऊ नेमकी त्याच्या प्रामाणिकपणाची तारीफ करतो.

रिकामी बंडी:
माफी एका ओळीत उरका, पण किसन सुधारला असं दाखवू नका. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचे १९७५ आणि १९७९ मिळून १२च भाग, आणि त्यातला हॉटेलवाला बेसिल शेवटपर्यंत तसाच चिडका आणि तसाच लपवाछपवी करणारा. माणूस सुधारला तर पुढच्या भागाला काय उरलं? गजुभाऊ आपला पंप खांद्यावर घेऊन निघतो, फाटकापाशी पोचतो, मागून किसन: "गजुभाऊ, कापूस न्याचा होता. दोन दिवस देता काय... बंडी?"