वेंगर यांचा हिशेब नेमका कोणत्या वर्षापाशी थांबवायचा?

मधली फळी (धागाकर्ता):

प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल क्लब सोडल्याला आता बरीच वर्षे झाली आणि २०२३ मध्ये क्लबच्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळाही उभा राहिला. तरीही त्यांचे नाव निघाले की आर्सेनलच्याच समर्थकांमध्ये दोन तट पडतात. एक तट १९९८ आणि २००२ चे दुहेरी मुकुट (एकाच मोसमात लीग आणि एफए कप ही बाद फेरीची स्पर्धा) व २००३-०४ चा अपराजित मोसम यांच्यापलीकडे काही ऐकून घेत नाही. दुसऱ्या तटाला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा ८-२ असा पराभव आणि २०१७ मध्ये बायर्न म्युनिककडून दोनदा खाल्लेले पाच-पाच गोल यांखेरीज काही आठवत नाही. या दोन्ही याद्या सर्वांना पाठ आहेत, त्यामुळे त्या पुन्हा नकोत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २००५ ते २०१४ हा काळ करंडकाविना गेला, त्याचा दोष नव्या स्टेडियमच्या कर्जावर टाकला जातो, तो कितपत योग्य आहे? आणि २०१४ च्या अंतिम सामन्यात हल सिटीविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून एफए कप जिंकल्यावर, करार संपतच होता तेव्हा, त्यांनी निरोप घेतला असता, तर आज आपण त्यांच्याबद्दल वेगळे बोलत असतो का?

हायबरीकर:

याद्या नकोत असे आपण म्हणता, म्हणून एकाच गोलाबद्दल लिहितो. ३ मे १९९८ रोजी हायबरीवर, म्हणजे आर्सेनलच्या जुन्या मैदानावर, एव्हर्टनविरुद्ध आर्सेनल ३-० ने पुढे होते आणि विजेतेपद निश्चित झाले होते. अखेरच्या काही मिनिटांत बदली म्हणून आलेल्या स्टीव्ह बोल्डने बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू अलगद पुढे टाकला, त्यावर टोनी अॅडम्स धावत गेला आणि त्याने डाव्या पायाने गोल केला. हे दोघेही मध्य-बचावपटू होते, आधीचे प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहम यांच्या तालमीत तयार झालेले, म्हणजे चेंडू आला की लांब भिरकावून द्यायचा आणि ऑफसाइडसाठी हात वर करायचा, एवढ्यासाठीच ओळखले जाणारे. बोल्ड तेव्हा ३५ वर्षांचा होता. अॅडम्सने तर १९९६ च्या सप्टेंबरमध्ये, वेंगर रुजू होण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आपण मद्याच्या आहारी गेल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

वेंगर यांनी परदेशातून प्रतिभावान खेळाडू आणले हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठे काम वाटते ते हे, की हाती आलेली जुनी बचावफळी त्यांनी मोडीत काढली नाही. आहार बदलला, स्नायू ताणण्याचे व्यायाम लावले, सरावाची वेळ मिनिटाबरहुकूम आखली आणि त्या मंडळींच्या कारकिर्दीत काही वर्षांची भर घातली. जपानमधल्या नागोयाहून आलेल्या ज्या माणसाबद्दल लंडनचे वृत्तपत्र ‘हा कोण?’ असे विचारत होते, त्याने दुसऱ्याच मोसमात इंग्लंडमध्ये दुहेरी मुकुट मिळवला, आणि तो मिळवणारा तो पहिला परदेशी प्रशिक्षक ठरला. पुढे काहीही झाले असले, तरी हे खाते बंद झालेले आहे आणि त्यातून वजाबाकी करता येत नाही, असे माझे मत आहे.

हिशेबनीस:

कर्जाच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्याबद्दल बोलताना दोन्ही बाजू हात सैल सोडतात. हायबरीची क्षमता सुमारे ३८ हजार होती आणि नव्या मैदानाची ६० हजारांहून अधिक. एकूण प्रकल्पाचा खर्च सुमारे ३९ कोटी पौंड होता. पैसा उभा करण्यासाठी क्लबने एमिरेट्स या विमान कंपनीशी २००४ मध्येच स्टेडियमचे नाव आणि पोशाख या दोहोंसाठी सुमारे १० कोटी पौंडांचा दीर्घ मुदतीचा करार केला. पैसे लवकर हाती आले खरे, पण पुढच्या दशकात इतर मोठ्या क्लबांच्या प्रायोजकत्वाच्या रकमा वाढत गेल्या तेव्हा आर्सेनल जुन्या भावाला बांधलेले राहिले. बँकांना आपण पाच वर्षे तरी क्लबमध्येच राहू अशी हमी हवी होती, हे स्वतः वेंगर यांनी नंतर सांगितले आहे. प्रशिक्षक हाच कर्जाचा तारण झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे ही योजना ज्या काळात आखली गेली, त्या काळात तिकीटविक्रीच्या जोरावर मँचेस्टर युनायटेडशी बरोबरी करता येईल, हा अंदाज चुकीचा नव्हता. तो चुकला तो २००३ मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविच यांनी चेल्सी घेतल्यावर आणि २००८ मध्ये अबूधाबीचा पैसा मँचेस्टर सिटीत आल्यावर. अॅशली कोल चेल्सीकडे गेला. आदेबायोर, कोलो टुरे आणि नसरी सिटीकडे गेले. अशा परिस्थितीत दर वर्षी चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेची पात्रता मिळवणे हे कर्जाचे हप्ते फेडण्याचेच साधन होते, आणि पहिल्या चारांत येणे हेही करंडकासारखेच आहे या त्यांच्या विधानाची कितीही टिंगल झाली, तरी क्लबच्या ताळेबंदापुरते ते अक्षरशः खरे होते.

त्या काळातही २००७-०८ चा मोसम विसरू नये. फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या मैदानावर तिसऱ्याच मिनिटाला आमच्या एदुआर्दोचा पाय मोडला, तेव्हा आर्सेनल गुणतक्त्यात अव्वल होते. तो सामना भरपाई वेळेतल्या पेनल्टीमुळे २-२ असा सुटला आणि मोसमाअखेर संघ ८३ गुणांवर, म्हणजे विजेत्यांपेक्षा फक्त चार गुणांनी मागे, तिसरा राहिला. तेव्हा २०१३ पर्यंतचा दोष मी कर्जाच्या खात्यावर लिहितो. त्यापुढचा मात्र लिहिता येणार नाही, कारण त्या वर्षी ओझिल या एकाच खेळाडूसाठी ४ कोटी २५ लाख पौंड मोजले गेले आणि तिजोरी उघडली आहे हे सर्वांना दिसले.

लाल सैतान:

मी युनायटेडचा समर्थक आहे, त्यामुळे माझे मत वाटल्यास बाजूला ठेवावे. मला २८ एप्रिल २०१३ चा प्रसंग आठवतो. २ कोटी ४० लाख पौंडांना आर्सेनलकडून आमच्याकडे आलेला व्हॅन पर्सी मैदानात उतरत होता आणि आर्सेनलचे खेळाडू दोन रांगा करून नव्या विजेत्यांसाठी टाळ्या वाजवत होते. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २६ गोल केले होते. आपला कर्णधार थेट प्रतिस्पर्ध्याला विकावा लागणे याला कर्ज कारणीभूत होते, हे ‘हिशेबनीस’ यांचे म्हणणे मान्य केले, तरी त्याचा करार अखेरच्या वर्षापर्यंत ताणू कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे प्रशिक्षक फर्ग्युसन असताना असे घडले नसते.

क्लॉक एंड:

‘लाल सैतान’ यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे, फक्त युनायटेडचा रोनाल्डो रेआल माद्रिदला गेला तेव्हा फर्ग्युसनच होते, याची आठवण करून देतो.

माझा आक्षेप २०१५-१६ या एकाच मोसमाभोवती आहे आणि माझ्या दृष्टीने वेंगर यांच्या उत्तरकाळाचा निवाडा तिथेच होतो. पैसा होता. चेल्सी कोसळली होती, सिटी आणि युनायटेड अडखळत होते. आदल्या उन्हाळ्यात गोलरक्षक पीटर चेक सोडला, तर पहिल्या संघासाठी एकही मैदानी खेळाडू घेतला गेला नाही. लेस्टर त्या मोसमात लीगमध्ये फक्त तीन सामने हरले आणि त्यांतले दोन आर्सेनलविरुद्ध होते. १४ फेब्रुवारीला आर्सेनलच्या वेलबेकने भरपाई वेळेच्या अगदी शेवटी हेडरवर गोल केला, तेव्हा अंतर दोन गुणांवर आले होते. त्यानंतर संघ रॅशफर्ड नावाच्या पोरसवदा खेळाडूपुढे ओल्ड ट्रॅफर्डवर हरला, लगेच घरच्या मैदानावर स्वान्सीकडून हरला आणि शेवटी लेस्टरच्या ८१ गुणांसमोर ७१ गुणांवर थांबला. हे कर्जामुळे झाले नाही.

याचे मूळ मला खेळाच्या डावपेचांपेक्षा क्लबच्या रचनेत दिसते. खेळाडूंची निवड, सराव, पगाराचे धोरण, सगळे एकाच माणसाच्या हाती होते. २००७ मध्ये संचालक डेव्हिड डीन बाहेर पडल्यावर वेंगर यांना तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणारा कोणी संचालक मंडळात उरला नाही. २०१७ मध्ये क्रीडा संचालक नेमण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा हा माणूस रस्त्यात उभा राहून खेळाडूंना डावी-उजवीकडे वळवणार का, अशी खिल्ली त्यांनी उडवली होती. वाक्य चटकदार होते, पण वेंगर गेल्यावर क्लबला तीच यंत्रणा नव्याने उभारावी लागली. मंडळालाही ही व्यवस्था सोयीचीच होती: पात्रता मिळत होती, तिकिटे खपत होती आणि टीका झेलायला एक उंच फ्रेंच गृहस्थ होते.

मधली फळी (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. ‘हिशेबनीस’ यांनी आखलेली २०१३ ची रेघ मला पटते. मात्र मी स्वतः विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता मला ‘नाही’ असे वाटू लागले आहे, कारण २०१४ मध्ये ते गेले असते, तर २०१५ आणि २०१७ चे एफए कप कोणाच्या हातून आले असते, हे कोणी सांगू शकत नाही. २०१७ च्या अंतिम सामन्यात दुखापतींमुळे बचावफळी रिकामी झाली होती. मोसमात एकदाही सुरुवातीच्या अकरांत नसलेल्या मर्टेसाकरला मध्यभागी उभे करून त्यांनी लीग विजेत्या चेल्सीला २-१ ने हरवले, आणि त्या सातव्या एफए कपसह ते ही स्पर्धा सर्वाधिक वेळा जिंकणारे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून दोन विमाने उडाली होती, एकाच्या शेपटीला त्यांनी जावे असा फलक होता आणि दुसऱ्याच्या शेपटीला त्यांच्यावर विश्वास आहे असा. सामना आपण ३-१ ने हरलो.

‘क्लॉक एंड’ यांना एकच विचारतो: रचनेचा दोष मान्य केला, तरी ती बदलण्याचा अधिकार मालकांकडे होता, आणि त्यांनी २०१७ च्या त्या करंडकानंतर तीच रचना दोन वर्षांच्या नव्या कराराने पुढे चालवली. मग तो भाग वेंगर यांच्या खात्यावर का?

क्लॉक एंड:

करारावर सही दोघांची असते, म्हणून. मालकांचा वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे, परंतु त्यांच्याकडून माझी कधीच अपेक्षा नव्हती. वेंगर यांच्याकडून होती.