पुन्हा: तिसऱ्या नंबरावर आज कोण?

प्रेषक: अण्णा

मंडळी,

दक्षिण आफ्रिकेविरुद्धची गुवाहाटी कसोटी आटोपली. ४०८ धावांनी हरलो. कसोटीत धावांच्या हिशेबात आपण एवढा सपाटून मार याआधी कधीच खाल्ला नव्हता. इथे परदेशात रात्री साडेदहाला शाल गुंडाळून बसलो होतो. तिकडे सूर्य लवकर मावळतो म्हणून या सामन्यात चहा आधी, जेवण नंतर. चहाला ५ बाद ९०, आणि जेवणाची वेळ आलीच नाही. हिने सकाळी विचारलं, "डोळे का सुजलेत?" काय सांगणार!

झोप उडालीच होती, म्हणून एक उद्योग केला. ऑक्टोबर २०२४ ला बंगळूरला न्यूझीलंडने ४६ मध्ये गुंडाळलं तिथपासून कागद-पेन्सिल घेऊन फक्त फलंदाजीला तिसऱ्या नंबरावर कोण कोण आलं ते लिहीत गेलो. बंगळूरला कोहली, कारण गिलची मान धरली होती. मग गिल. पर्थला पडिक्कल. पुन्हा गिल. मेलबर्नला राहुल, सिडनीला परत गिल. लीड्सला साई सुदर्शन, पुढचे दोन सामने करुण नायर, मग पुन्हा सुदर्शन. कोलकात्याला वॉशिंग्टन सुंदर! आणि गुवाहाटीला, हो, सुदर्शन.

सतरा कसोट्या, सात माणसं. आमच्या चाळीतल्या सार्वजनिक नळावरसुद्धा नंबर यापेक्षा जास्त दिवस टिकायचा.

– अण्णा

प्रेषक: दादा (पूर्वीचे खजिनदार)

अण्णा, नंबराचं सोडा हो. माणूसच चुकीचा पाठवतायत त्याचं काय? सर्फराजने त्याच बंगळूरला दुसऱ्या डावात १५० ठोकले. वानखेडेवर ० आणि १ झाल्यावर त्याला जे बसवलंय ते बसवलंय. ऑस्ट्रेलियाला सोबत नेला, एक सामना दिला नाही. ऋतुराजने २०२५ ला दुलीप करंडकाच्या सेमीफायनलला १८४ केले, त्याला तर कसोटीची टोपीच नाही. मराठी पोरगा असला की दोन डावांत निकाल, बाकीच्यांना "प्रोसेस". माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

प्रेषक: धाकटे वहिनीसाहेब

दादा, निवड समितीचा अध्यक्ष अजित आगरकर आहे. मुंबईचा. लॉर्ड्सवर शतक मारलेला आणि ऑस्ट्रेलियापुढे ओळीने भोपळे फोडलेला, दोन्ही एकच माणूस. तेव्हा "मराठी पोरगा" हे गाणं जरा आवरतं घ्या. 🙂

कोलकात्याबद्दल मात्र अण्णांशी माझं थोडं भांडण आहे. वॉशिंग्टनच्या नावापुढे तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत. पण खेळला कोण? पहिल्या डावात २९, दुसऱ्यात ३१. १२४ करायचे होते, आपण ९३ वर आटोपलो, आणि त्यात सगळ्यात जास्त धावा त्याच्याच. बाकीचे त्यांच्या ऑफस्पिनर हार्मरपुढे आले नि गेले. मी नीट बघत होते. तो चेंडू येईपर्यंत थांबत होता, बॅट पुढे ढकलत नव्हता. कडेला लागला तरी चेंडू पायाशी मरून पडायचा. बाकीच्यांचे हात कडक, चेंडू थेट जवळ उभ्या फॉरवर्ड शॉर्टलेगच्या हातात.

बरं, तो जमला म्हणावं तर आठ दिवसांत गुवाहाटीला कुठे पाठवला? आठव्या नंबरावर! तिथेही ४८ केले. आणि कुलदीपने त्याच्या जोडीला १३४ चेंडू खेळून काढले, १९ धावा. कुलदीपने! पहिल्या डावात त्याच्याइतके चेंडू आपल्या एकाही "फलंदाजाने" खेळले नाहीत.

प्रेषक: बाबूराव काका

वहिनी, तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझी सही. पण मूळ रोग खेळपट्टीचा आहे. आखाडे, म्हणजे चेंडू हातभर वळणाऱ्या पिच, आपणच मागवतो. कोलकात्याला बुमराहने पाच काढले होते, ते नीट ३०० ची पिच असती तर पुरलं असतं. पण आपल्याला तिसऱ्या दिवशी धूळ उडायला हवी. मग त्यांचा ऑफस्पिनर आणि आपला ऑफस्पिनर एका पातळीला येतात, आणि आपल्या फलंदाजांचा वरचढपणा मातीत जातो. पुण्याला २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या ओ'कीफने तेच केलं, दोन्ही डावांत सहा-सहा. २०२४ ला पुण्याच्या त्याच गहुंज्याच्या मैदानावर न्यूझीलंडच्या सँटनरने तेरा काढले. तरी आपण तोच पेपर तिसऱ्यांदा सेट करतो, आणि नापास झालो की पेपर अवघड होता म्हणतो.

प्रेषक: अण्णा

बाबूराव, गुवाहाटीची पिच लाल मातीची, छान होती हो. त्यांनी तिथे ४८९ केले. मुथुसामीने शतक मारलं. मग यान्सेनने आपल्याला उसळत्या चेंडूंवर सहा वेळा घरी पाठवलं. एकदा धूळ, एकदा उसळी, आणि दोन्हीकडे आपणच आडवे. मग दोष मातीला कसा देऊ?

आणि वहिनी, उद्गारचिन्ह मागे घेतो. कबूल. उलट माझाच मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा बरा मांडलात. पोरगं बरं खेळलं, तर ते तिथेच ठेवायचं होतं!

आखाडा-आखाडा म्हणता म्हणून एक सांगतो. १९८७, बंगळूर, पाकिस्तान. २२१ करायचे होते. मॅनिंदरने पहिल्या दिवशी सात काढले होते अशी ती पिच. तौसिफ आणि इक्बाल कासिमचा चेंडू हातभर वळत होता आणि काही चेंडू थेट छातीवर येत होते. गावसकरने ९६ केले. मी तेव्हा शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटवर पाहिलं, दाराबाहेर पंधरा चपला. मला चौकार आठवत नाहीत. आठवतात त्या सोडलेल्या गोष्टी. शेवटच्या क्षणी मनगट खाली घेणं, हँडलवरचा खालचा हात इतका सैल की बॅट पडेल वाटावं. सोळा धावांनी हरलो, आणि तो त्याचा शेवटचा कसोटी डाव. हे कुठल्या नेटमध्ये आठवड्याभरात शिकवणार? त्यासाठी दहा वर्षं एकाच कामावर एक माणूस लागतो. पुजारासारखा. रांचीला ५२५ चेंडू खेळलेला तो माणूस जून २०२३ नंतर परत दिसला नाही, आणि तेव्हापासून ती खुर्ची भाड्याने दिलीय.

प्रेषक: ताई (ढोलपथक)

सगळे पुरुष एकाच संघाबद्दल रडताय म्हणून मुद्दाम लिहिते.

३० ऑक्टोबर, डी. वाय. पाटील, महिला वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीफायनल. ३३९ हवे होते. जेमिमाला त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या सामन्यात बाहेर बसवलं होतं. सेमीफायनलला आपण तिसऱ्या नंबरावर जाणार हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, तोवर ती आंघोळीत होती. नाबाद १२७. तीन दिवसांनी वर्ल्ड कप आपला.

तेव्हा अण्णा, नंबर ऐनवेळी बदलला म्हणून सगळंच बुडतं असं नाही.

तरी कोच कोण ते बघा. अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. सचिन-कांबळीच्या ६६४ च्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज तोच. बाहेर बसवलेल्या पोरीशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसेल.

प्रेषक: सचिव

सर्वांना नमस्कार. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे याची नम्र आठवण. कालपासून बावीस मेल्स आल्या आणि दोन सभासदांनी नाव काढायला सांगितलंय. कृपया एकमेकांना वैयक्तिक लिहावे.

(व्यक्तिशः: सुदर्शनने दुसऱ्या डावात १३९ चेंडू खेळले, १४ धावा केल्या. त्याबद्दल एकही जण एक शब्द बोलला नाही, हे मला खटकलं.)

प्रेषक: दादा (पूर्वीचे खजिनदार)

सचिव, मग मीच बोलतो. १३९ चेंडूंत १४ आणि सामना ४०८ ने हरलो. एवढं टुकूटुकू करून काय वाचवलं?

प्रेषक: अण्णा

दादा, ५४९ चं लक्ष्य होतं, जिंकायला कुणी निघालंच नव्हतं. पाचव्या दिवशी करायचं काम तेच होतं, आणि ते त्या चोवीस वर्षांच्या पोराने केलं. दुसऱ्या टोकाला चार जण थांबले असते तर आज आपण त्याच्या १४ धावांवर लेख लिहिले असते.

पुढच्या कसोटीला त्याला त्याच नंबरावर पाठवा एवढंच माझं म्हणणं आहे. भोपळा काढला तरी त्याच्या पुढच्यालाही.

सचिव, ही शेवटची मेल. वहिनी, तुम्हाला वेगळी पाठवतो, त्या शॉर्टलेगबद्दल अजून बोलायचंय.

– अण्णा